पांढरीची माती व तिचें परीक्षण

गांवाच्या जमिनीचे काळी व पांढरी असे दोन भाग मानण्याची आपली रीत फार जुनी आहे. पेरणीची ती काळी व वस्तीची ती पांढरी. हीं नांवें मातीच्या रंगावरून पडलीं हें उघड आहे. परंतु पांढरीचा रंग पांढुरका कां, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सर्व शिवार एकाच काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झालेलें. असें असतां नदीकांठच्या जुन्या टेकाडावरची माती तेवढी राखी रंगाची, भुसभुशीत व खापरांनीं भरलेली कां असावी? वर्धा, धाम, बोर, यशोदा व वणा या आपल्या जिल्ह्यांतील नद्यांच्या कांठीं फिरणाऱ्यास अशी माती नवी नाहीं. घर सारवण्यास, भिंती घालण्यास, विटा पाडण्यास आणि कित्येक वेळां शेतास खत म्हणून ती खणून नेण्याची चाल आहे. पूर्वीं हें काम कुदळीनें व बैलगाडीनें होई. आतां खोदणारें यंत्र व ट्रॅक्टरची ट्रॉली आली आहे. आजोबांच्या हयातींत जेवढी माती हलली नसेल तेवढी आतां एका आठवड्यांत हलते. म्हणून ही माती वस्तुतः काय आहे, प्रयोगशाळेंत तिची परीक्षा कशी करतात, व त्या परीक्षेशीं शेतकऱ्याचा काय संबंध येतो, हें येथें सांगावयाचें योजिलें आहे.

आरंभ घरच्या उदाहरणानें करूं. वर्ध्यापासून सुमारें पांच मैलांवर धाम नदीच्या कांठीं पवनार आहे. १९३८ सालीं विनोबा तेथें राहावयास गेले व पुढें आश्रमाच्या जमिनींत खणतांना भरत-रामभेटीचें दगडी शिल्प हातीं लागलें. त्याच परिसरांत रामकथेचीं आणखीही शिल्पें मिळालीं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तीं वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळच्या राममंदिराचीं ठरवून पवनार म्हणजेच त्या राजाची राजधानी प्रवरपूर होय असें प्रतिपादन केलें. हें मत सर्व पंडितांस मान्य नाहीं. रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननानंतर त्या गांवाचाही पक्ष घेणारे पुष्कळ आहेत. १९६७ सालीं नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनीं पवनारच्या टेकाडांत उत्खनन करून एकावर एक रचलेले वस्तीचे थर उघडे केले. वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावरील कौंडिण्यपुरासही १९६२ ते १९६४ या काळांत मो. गं. दीक्षित यांनीं असेंच खणून पाहिलें होतें.

मूर्ति सुटी सांपडली तरी तिच्या घडणीवरून तिचा काळ अजमावतां येतो. मातीचें तसें नाहीं. ती ज्या थरांत, ज्या खोलीवर, ज्या दुसऱ्या थराच्या वर व ज्याच्या खालीं पडली होती तेथेंच असेपर्यंत तिला अर्थ असतो. ट्रॉलींत पडलेल्या मातीची कितीही बारकाईनें परीक्षा केली तरी ती कोणत्या शतकाची हें कोणासही सांगतां येणार नाहीं.

आतां रंगाच्या प्रश्नाकडे वळूं. मनुष्य व जनावर सर्व शिवाराचें धान्य, चारा व सरपण गोळा करून एका ठिकाणीं आणतात. धान्य खाल्लें जातें, चारा जनावराच्या पोटांत जातो, लांकूड व गोवरी चुलींत जळते. मागें उरतें तें शेण, मूत्र, राख, हाडें व पडक्या भिंतींची माती. हीं शेंकडों वर्षें एकाच जागीं सांचत गेलीं म्हणजे पांढर बनते. या कचऱ्यांतील नत्राचा बराच भाग हवेंत उडून जातो व उरलेला पाण्याबरोबर झिरपतो. राखेंतील पालाशही कांहीं अंशीं धुपून जातो. स्फुरदाची गोष्ट मात्र निराळी आहे. तो चुना, लोह व ॲल्युमिनियम यांच्याशीं बांधला जाऊन जेथल्या तेथें बसतो व पाण्यानें सहसा हलत नाहीं. अर्थात् काळींतून पिकाबरोबर निघालेला स्फुरद पिढ्यानुपिढ्या पांढरींत जमा होत राहतो.

ही गोष्ट प्रथम कोणा इतिहासकाराच्या ध्यानांत आली नाहीं; ती एका शेतकीच्या रसायनज्ञास दिसली. स्वीडन देशांत ओलोफ अऱ्हेनियस हे बीटाच्या साखरेच्या धंद्यासाठीं शेतांच्या मातीचें परीक्षण करून कोणत्या जमिनीस किती खत द्यावें याचे नकाशे तयार करीत होते. १९३० सालाच्या सुमारास त्यांस असें आढळलें कीं, कांहीं ठिकाणीं मातींत स्फुरदाचें प्रमाण अकस्मात् फार वाढतें, व त्या जागा जुन्या काळच्या नाहींशा झालेल्या वस्त्यांच्या आहेत. जमिनीवर एक भिंतही उभी नव्हती, तरी मातीच्या पृथक्करणानें गांव ओळखतां आला. तेव्हांपासून ही परीक्षा जगभर पुराणवस्तुसंशोधकांच्या कामीं आली. शेतांत ठराविक अंतरावर नमुने घ्यावयाचे, प्रत्येकांतील स्फुरद मोजावयाचा व आंकडे नकाशावर मांडावयाचे. जेथें आंकडे चढतात तेथें गोठा, उकिरडा किंवा घरें होतीं असें समजावयाचें. आमच्या मतें ही शेतीनें इतिहासास दिलेली मोठी देणगी होय, आणि तिचा उल्लेख शेतकीच्या पुस्तकांत येऊं नये याचें नवल वाटतें.

स्फुरद मोजण्याची कृति समजण्यास कठीण नाहीं. माती तीव्र आम्लांत उकळून तिचा अर्क काढतात व त्यांत मॉलिब्डेनम या धातूचा क्षार आणि दुसरीं ठरलेलीं द्रव्यें घालतात. स्फुरद असल्यास निळा रंग येतो; रंग जितका गडद तितका स्फुरद अधिक. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. आम्लानें निघतो तो एकूण स्फुरद. पिकाच्या मुळास मिळूं शकणारा उपलब्ध स्फुरद हा त्याचा अल्प अंश असतो, व आपल्यासारख्या चुनखडीच्या जमिनींत तो सोडियम बायकार्बोनेटच्या सौम्य द्रावणानें काढून मोजतात. ही ओल्सेन यांची रीत १९५४ सालापासून रूढ आहे. माती-परीक्षणाच्या पत्रिकेवर जो स्फुरदाचा आंकडा येतो तो उपलब्ध स्फुरदाचा. जुन्या वस्तीच्या शोधांत बहुधा एकूण स्फुरद पाहतात. एका आंकड्यावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढल्यास फसगत होते.

पांढरींत राख असते हें तोंडानें म्हणणें सोपें आहे. ती कशाची राख, हें ठरविण्यास परीक्षाच लागते. बळ्ळारी व रायचूर या भागांत राखेचीं मोठमोठीं टेकाडें आहेत. कोणी तीं ज्वालामुखीचीं म्हणत, कोणी यज्ञाचीं, कोणी लोखंडाच्या भट्ट्यांचीं. रॉबर्ट ब्रूस फूट यांनीं गेल्या शतकाच्याही आधीं तीं गुरांच्या शेणाचीं असावींत असा तर्क केला होता, पण तर्क तो तर्कच राहिला. पुढें लंडनचे प्रोफेसर झॉयनर यांनीं ती राख सूक्ष्मदर्शकाखालीं तपासली, तेव्हां तींत गवताच्या पेशींचे वाळूच्या जातीचे सांगाडे दिसून आले. गवत व तृणधान्यें जमिनींतून सिलिका शोषून आपल्या पेशींत सांठवतात. गवत जळालें, कुजलें किंवा जनावराच्या पोटांतून बाहेर पडलें तरी हे सांगाडे शिल्लक राहतात. ज्वारीच्या पात्यानें हात कां कापतो हें ज्यास ठाऊक आहे त्यास या पदार्थाची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे मुजुमदार व राजगुरू यांनीं १९६५ सालीं कुपगल येथें खणून व मातीचें पृथक्करण करून याच प्रश्नाचा अभ्यास केला. आतां हीं टेकाडें नवाश्मयुगीन गोपाळांच्या गोठ्यांतील जळालेल्या शेणाचीं होत, याबद्दल फारसा वाद राहिलेला नाहीं.

थरांतील माती पाण्यानें आणली, वाऱ्यानें आणली कीं मनुष्यानें टाकली, हें कणांच्या आकारावरून कळतें. याचा एक प्रयोग वाचकांस घरींही करतां येईल. उंच कांचेच्या बरणींत वाळवून कुटलेली माती एक चतुर्थांश भरावी, पाणी व चिमूटभर धुण्याचा सोडा घालावा, खूप हालवून बरणी स्थिर ठेवावी. जाड वाळू कांहीं क्षणांत तळीं बसेल. पोयटा बसण्यास कांहीं तास लागतील. चिकणमातीनें पाणी दुसऱ्या दिवशींही गढूळ राहील. मिलिमीटरच्या पांचशेंव्या भागाएवढा कण चार इंच खालीं जाण्यास सुमारें आठ तास घेतो, व याच हिशेबावर प्रयोगशाळेंतील पृथक्करण चालतें. पुराचा जोरदार लोंढा रेव व वाळू टाकतो; पसरून संथ झालेलें पाणी बारीक गाळ टाकतें. पडक्या भिंतीच्या मातींत मात्र सर्व आकारांचे कण, खापरें व कोळसे यांची सरमिसळ असते. एखाद्या घराच्या सारवलेल्या जमिनीवर एकसारख्या बारीक गाळाचा थर चढलेला दिसला तर त्या घरांत पुराचें पाणी शिरून थांबलें होतें असें समजतात.

चुन्यासाठीं मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतात. फेंस आला कीं चुना आहे. सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉकली व ब्लॅक यांची १९३४ सालची रीत तीच आहे, जी आपल्या शेताच्या परीक्षणांतही वापरतात. जळालेलें धान्य मिळविण्याची युक्ति तर अगदींच साधी आहे: खणलेली माती पाण्याच्या टाकींत सोडतात, माती बुडते व कोळसलेले दाणे तरंगतात, ते बारीक चाळणींत धरून सावलींत वाळवितात. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन झालें. तेथील तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचें मुख्य धान्य जव होतें, हें अशा कोळसलेल्या दाण्यांवरून कळलें. पेंच नदीकांठच्या नायकुंड येथेंही, जेथें लोखंड गाळण्याची जुनी भट्टी निघाली, तेथील जळक्या दाण्यांची परीक्षा झालेली आहे.

कोळशाचें वय ठरविण्याची रीत अमेरिकेंत लिबी यांनीं १९४९ च्या सुमारास प्रसिद्ध केली. जिवंत झाडांत किरणोत्सर्गी कर्बाचा जो अंश असतो तो झाड मेल्यावर घटूं लागतो व सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला अंश मोजून वय काढतात. यंत्र अचूक असलें तरी कोळसा कोठून उचलला यावर सर्व अवलंबून आहे, आणि आपल्या काळ्या जमिनींत तर येथेंच मोठा धोका आहे.

तो धोका आपल्या नेहमींच्या पाहण्यांतला आहे. उन्हाळ्यांत काळ्या रानास हात हात खोल भेगा पडतात. वळीवाच्या पहिल्या सरीबरोबर वरची ढेंकळें, धसकटें, खापरीचे तुकडे व कोळसे त्या भेगांत पडतात. मग माती फुगून भेगा मिटतात. पुढच्या वर्षीं पुन्हां तेंच. या जमिनीच्या चिकणमातीचा स्वभावच पाणी प्यायल्यावर फुगण्याचा व वाळल्यावर आक्रसण्याचा असल्यानें ती आपल्याआपण उलथत राहते. म्हणूनच मृदाशास्त्रज्ञांनीं तिला दिलेलें व्हर्टिसॉल हें नांव ‘उलटणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलें आहे. गेल्या हंगामांत जाळलेल्या पऱ्हाटीचा कोळसा तीन फूट खालच्या थरांत मिळाल्यास त्यावरून त्या थराचें वय काढणें हास्यास्पद होईल. पांढरीच्या टेकाडांत राख व भिंतींची माती अधिक, फुगणारी माती कमी; त्यामुळें तेथील थर काळ्या रानापेक्षां पुष्कळ बरे टिकतात. पांढर जपण्याचें हें एक विशेष कारण आहे: काळींत जी नोंद पुसली जाते ती पांढरींत उरते.

टेकाडाची माती वस्तीची हकीकत सांगते. सर्व प्रांताच्या पावसाची हकीकत पाहावयाची तर तळीं, नद्या व समुद्र यांच्या गाळाकडे जावें लागतें. आपल्या विदर्भांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवर हें याचें उत्तम स्थान ठरलें आहे. त्यास नदीची वाट नाहीं. पाऊस कमी झाला कीं पाणी आटून खारें होतें व विशिष्ट क्षारांचे स्फटिक तळाच्या गाळांत तयार होतात. २००८ सालीं तेथून सुमारें दहा मीटर लांबीचा गाळाचा उभा नमुना नळीनें काढण्यांत आला. त्यांत सुमारें अकरा हजार वर्षांचे थर मिळाले. त्या परीक्षेवरून दोन दीर्घ अवर्षणाचे कालखंड दिसून आले: एक आजपासून ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वींचा, व दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वींचा. वाकाटकांचें राज्य या दुसऱ्या कालखंडांत पडतें. पवनारची भरभराट उदंड पावसावर झाली असें मानणाऱ्यांस ही गोष्ट विचार करावयास लावील.

याहून आपल्या जवळची हकीकत समुद्राच्या तळाशीं मिळाली. वर्धा नदी वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते व गोदावरी बंगालच्या उपसागरास. २००६ सालीं गोदावरीच्या मुखासमोर खोल समुद्रांतून काढलेल्या गाळाच्या नमुन्याची परीक्षा अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं केली व तिचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली माती व इतर खडकांची माती यांतील नियोडिमियम या धातूच्या समस्थानिकांचें परस्पर प्रमाण निरनिराळें असतें. त्यावरून कोणती माती कोठून आली हें ओळखतां येतें. असें दिसलें कीं, पाऊस कमी होऊं लागल्यावर जमिनीची धूप घटली नाहीं, उलट फार वाढली. व पुढें दख्खनच्या पठारावर शेतीचा विस्तार झाला तेव्हां ती आणखी वाढली. झाडाझुडपांचें आच्छादन विरळ झालेल्या जमिनीवर थोडा पाऊसही जोरानें आला तर माती घेऊन जातो, हें बांधबंदिस्ती करणाऱ्या शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु ती माती कोठें जाते व किती सहस्र वर्षांपासून जात आहे, याचा पुरावा समुद्राच्या तळाशीं थरांनीं रचून ठेवलेला आहे, व त्यांत आपल्याही शिवाराचा वांटा आहे.

आतां पांढरीची माती खतास चांगली कीं नाहीं, या व्यवहाराच्या प्रश्नास उत्तर देणें प्राप्त आहे. तींत एकूण स्फुरद पुष्कळ असतो, पण त्यांतील बराच चुन्याशीं जखडलेला असतो. नत्र थोडाच उरलेला असतो. कांहीं ठिकाणीं क्षारही असतात. उत्तर हिंदुस्थानांत जुन्या वस्तीच्या मातींतून सोरा काढण्याचा धंदाच चाले, यावरून त्यांचें प्रमाण किती असूं शकतें हें समजेल. तेव्हां परीक्षा केल्यावांचून ट्रॉल्यांमागून ट्रॉल्या शेतांत ओतणें हें पैशाच्या दृष्टीनेंही शहाणपणाचें नाहीं. चांगल्या शेणखतानें जें होतें तें या मातीनें होत नाहीं. हाच न्याय तलावाच्या गाळासही लागूं आहे. २०१७ सालापासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेखालीं पुष्कळ गाळ शेतांत गेला. हलक्या मुरमाड रानास तो लाभतो; पण भारी काळ्या रानांत आणखी चिकणमाती घालून निचरा बिघडविण्यांत अर्थ नाहीं.

मिसर देशांत हें सर्व एकदां घडून गेलें आहे. तेथील शेतकरी जुन्या शहरांच्या टेकाडांची माती ‘सबाख’ म्हणून खतासाठीं खणून नेत. १८८७ सालीं अमार्ना येथें अशीच माती खणतांना एका खेडवळ स्त्रीस लिहिलेल्या मातीच्या विटा मिळाल्या असें सांगतात. तीं राजाराजांचीं पत्रें निघालीं. त्यांतील कित्येक हाताळण्यांत फुटून गेलीं. पुढें सबाख नेणें वाढलें तेव्हां अनेक शहरांचीं टेकाडें बुडापासून नाहींशीं झालीं, व तेथें आज संशोधकास पाहण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. आपल्या जिल्ह्यांत आर्वीकडे खैरवाडा येथें लोहयुगांतील शिळावर्तुळें आहेत. त्यांचे दगड बांधास व पायास किती सोयीचे पडतात हें निराळें सांगावयास नको.

विहीर किंवा शेततळें खोदतांना राखेचा थर, हाडें, खापरें किंवा जळकें धान्य लागल्यास काय करावें, एवढें सांगावयाचें राहिलें. प्रथम यंत्र थांबवावें. खड्ड्याची एक बाजू खुरप्यानें सरळ तासून घ्यावी म्हणजे थर स्पष्ट दिसतात. गांठी मारलेली दोरी किंवा टेप लावून प्रत्येक थराची खोली लिहावी व टेप दिसेल असें छायाचित्र घ्यावें. हल्लीं खिशांतील मोबाईलनें हें काम चांगलें होतें. मग तहसीलदारांस व नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागास कळवावें. जमिनींत दडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविण्याचें बंधन १८७८ च्या कायद्यानें आहे. खापरें व राख यांस बाजारांत किंमत नाहीं, म्हणूनच त्यांविषयीं शेतकऱ्याच्या स्वतःच्या समजुतीवर भिस्त ठेवावी लागते.

कोणी येईपर्यंत पावसानें बाजू ढासळण्याचें भय असेल तर नमुने स्वतः घ्यावे. येथें शेताच्या परीक्षणाची संवय विसरावी. शेताचा नमुना घेतांना आपण नागमोडी चालत दहापंधरा जागीं वीतभर खोलीची माती घेतों व ती एकत्र कालवतों. कारण सर्व शेताची सरासरी हवी असते. थरांच्या नमुन्यांत कालवाकालव झाली कीं नमुना फुकट गेला. खालच्या थरापासून आरंभ करून वर यावें, नाहींतर वरची माती खालच्यांत पडते. प्रत्येक थरासाठीं खुरपें पुसून घ्यावें. शेर-दीड शेर माती स्वच्छ पिशवींत भरावी. कोळशाचा तुकडा हातानें उचलूं नये. चाकूच्या टोकानें काढून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत गुंडाळावा, कापसांत किंवा कागदांत ठेवूं नये, कारण त्यांचा कर्ब मोजणींत मिसळतो. पिशवीच्या आंत एक व बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या घालाव्या. त्यांवर गांव, गट क्रमांक, तारीख व पृष्ठभागापासूनची खोली लिहावी, आणि तीं पेन्सिलीनें लिहावी. शाई ओलीनें पुसून जाते.